निरगुडीचं पाणी

माझ्या आजाराची सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे तो दिसत नाही. साखळीच्या बाजारात कुणी ना कुणी भेटतंच. "मल्टिपल स्क्लेरोसिस? दिसतेस तर चांगली ठणठणीत गो!" डावा पाय ओढत चाललेय, डोळ्यांपुढे धुकं, आणि म्हणे ठणठणीत! सांगून सांगून तोंड दुखलं, मग सांगायचंच सोडलं.

सासूबाईंना मात्र काही समजवावं लागलं नाही. मी पाय ओढते हे त्यांनीच आधी पाहिलं होतं. पायाला काही झालं की निरगुडी, हे त्यांच्या हळर्णच्या माहेरचं औषध. त्यांचा भाऊ कुंपणावरचा पाला तोडून बसच्या कंडक्टरकडे द्यायचा. न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं मोठं भाण. त्यात तो पाला उकळायचा आणि सत्तरीची ती बाई वाकून कढत पाणी माझ्या पायांवर ओतत राहायची. हात किती मायेचा! पण न्हाणीतून बाहेर येईपर्यंत माझ्या पायांतलं त्राण जायचं, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा दिसेनासं व्हायचं.

आंघोळ कसल्या पाण्याने करतेस, असं पणजीच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उलगडा झाला. "या आजाराला उष्णता सोसत नाही. गरम पाणी बंद," ते म्हणाले.

नवऱ्याला म्हटलं, "आईंना तूच सांग." तो म्हणाला, "तूच सांग बाबा." दोघेही भित्रे! मला समजून घेणारं घरात एकच माणूस, आणि त्यालाच सांगायचं, की तुमच्या औषधाने मी खचतेय? माझी जीभ रेटेना. गप्प आंघोळ करत राहिले.

शेवटी एका सकाळी न्हाणीतच कोसळले. त्या धरायला धावल्या आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "या तुमच्या पाण्यानेच पडतेय मी! डॉक्टर नको म्हणतात!"

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. मला उठवून खाटेवर आणून बसवलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. दिवसभर नाहीत. झालं, म्हटलं, होता तो आधारही आपणच घालवला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीतली चूल पेटली नाही. नंतरही नाही. रुसल्या, असंच मी धरून चालले. मग एका पहाटे, पौषातली थंडी, न्हाणीतून त्यांच्या दातांची कडकड ऐकू आली. दाराशी गेले. त्या लुगडं गुंडाळून कुडकुडत बाहेर येत होत्या.

"आई, थंड पाण्याने न्हायलात? तुम्ही तरी गरम घ्यायचं!"

"चूल पेटवली की आत वाफ धरते गो. माझ्यामागून तू न्हायला जातेस."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हाही मी रडले नव्हते. आता चौकट धरून उभ्या उभ्या हुंदके देऊ लागले.

त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "रड गो बाय," त्या म्हणाल्या, "पण खाली बसून रड. पडशील."