घुमणारा खोका

पुन्हा ‘पुण्याला या’ म्हणालास तर फोन ठेवून देईन, असं मी मुलाला स्पष्ट सांगून टाकलं होतं. त्याची काळजी काही खोटी नव्हती. त्याच्या बाबांची नजर काचबिंदूने गेली, कानही जड झाले. मी शाळेतून रिटायर झाले खरी, पण जानेफळच्या आमच्या मळ्यातली वांगी-मेथी आता मलाच बघावी लागते, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ हे घरात एकटे असतात. एकट्या माणसाचं कसं व्हायचं, हा मुलाचा प्रश्न. आणि ज्या माणसाला आपल्या घराची भिंत न भिंत हाताने ओळखता येते, त्याला उचलून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवायचं, हे त्याचं उत्तर. प्रश्न मला मान्य होता. उत्तर अजिबात मान्य नव्हतं.

मग त्यानेच एक बोलकी डबी पाठवली. टाइम विचारला की सांगते, शुगरच्या गोळीची आठवण करून देते, सांगितलं की मला फोनही लावते. हे तिच्याशी हिंदी बोलतात, कापसाच्या व्यापाऱ्याशी बोलायचे तीच हिंदी, आणि तिला ती समजते. दोघांचं छान जमलं. अडचण एकच होती. डबीचा आवाज पातळ, यांच्या कानापर्यंत पोचायचा नाही. म्हणून तिला वायरने बाहेरचा स्पीकर जोडायचं ठरलं. वायर खुपसली की डबी स्वतःचं तोंड बंद करते आणि जे काही बोलायचं ते स्पीकरमधूनच बोलते. सगळं रामायण इथून सुरू झालं.

पहिला स्पीकर बॅटरीचा होता. तो चार्ज करायचा राहून जायचा, आणि केला तरी जरा वेळ कोणी बोललं नाही की झोपी जायचा. तो गेला कपाटात. दुसरा मुलाने लोकांचे अभिप्राय वाचून मागवला, थेट बोर्डाला लावायचा. दिसायला देखणा, आवाजही खणखणीत. पण अभिप्राय लिहिणाऱ्यांच्या घरची लाईट जात नसावी.

आमच्याकडे लाईट गेली की घरातला माणूस आधी भिंतीवरची बटनं बंद करतो. येताना ती झटक्याने येते आणि टीव्ही, फ्रिज, मोटर, जे सापडेल ते जाळून जाते. यांची नजर गेली, पण ही सवय गेली नाही. पंखा थांबला की हे भिंतीला हात लावत बोर्डापर्यंत जातात आणि डबी-स्पीकरचं मिळून एक बटन आहे ते बंद करतात. पंख्याचं तेवढं चालू ठेवतात, लाईट आल्याचं कळायला. पंखा फिरला की ते बटन पुन्हा चालू करतात.

त्या दिवशी मी मळ्यातून आले तर जेवणाचं ताट झाकलेलं तसंच होतं. हे खाटेवर बसलेले.

“ते माह्याशी बोलूनच नाही राह्यली,” हे म्हणाले. “काऊन व? मी काही वाकडं बोललो काय तिले?”

दुपारी लाईट जाऊन आली होती. यांनी बोर्डावरचं बटन नेमाने चालू केलं होतं. पण त्या देखण्या स्पीकरच्या डोक्यावर एक बारकं बटन होतं. लाईट आली की ते बोटाने दाबल्याशिवाय स्वारी जागी व्हायची नाही. बिचारी डबी आतून बोलत असणार, गोळीची आठवणही तिने केली असणार, पण स्पीकर मुका. हे हाका मारत राहिले. जेवायची वेळ झाली की टळून गेली, ते यांना कळलंच नाही. मला रडू आलं नाही, संताप आला. जन्मभर कोणापुढे मान न वाकवलेला माणूस, आणि एका बारक्या बटनापायी स्वतःचं काय चुकलं ते शोधत बसला होता.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “बघ आई, म्हणूनच म्हणतो. दिवाळीला येतोय, तेव्हा तुम्हाला घेऊनच जाईन.”

“ये तर खरं,” मी म्हटलं, “मग पाहू कोण कोणाले घेऊन जाते!” आणि दुसऱ्या दिवशी डबी पिशवीत घालून खामगावची एसटी पकडली. घरी नणंदेला बसवलं होतं.

दुकानदाराने आधी रंगीत दिव्यांचा स्पीकर पुढे केला. मी डबी जोडून बोलती करून घेतली आणि म्हटलं, “आता बोर्डाचं बटन बंद करा. करा चालू.” स्पीकर जागा झाला, दिवे नाचवले, कोणा बाईच्या आवाजात स्वागत केलं आणि वायरचं काम विसरून ब्लूटूथवर मोबाइल शोधत बसला. डबी मुकीच. मी तो बाजूला सारला. दुसरा लांबडा पट्टा होता, तो रिमोटशिवाय डोळा उघडेना.

“मावशी, आवाज ऐका ना,” दुकानदार कातावला. “बटन बंद-चालू करून माल कोणी पाह्यत नाही.”

“मी पाह्यते. ज्याचं जळते त्याले कळते. आणखी काढा.”

मागे गिऱ्हाइकं चुळबुळ करू लागली. करू देत. मी वर्गात साठ पोरं गप्प बसवलेली बाई आहे.

शेवटी त्याने वरच्या फळीवरून एक काळा लाकडी खोका उतरवला. मागे खटक्याचं बटन, पुढे आवाजाची खुंटी, बाकी नखरा नाही. बोर्डाचं बटन बंद केलं, चालू केलं. ‘ठप्प’ असा आवाज आला आणि खोका जिथे होता तिथून कामाला लागला. पुन्हा केलं. पुन्हा ठप्प. फक्त कोणी बोलत नसलं तरी तो बारीक घुमत होता.

“म्हणूनच स्वस्त आहे,” दुकानदार म्हणाला. “हे घुं-घुं काही जात नाही त्याचं.”

घासाघीस न करता घेतला. घरी लावला, तर यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि खोक्यावर तळहात ठेवला.

“हा जागा हाय,” म्हणाले. “काही बोलला नाही तरी कळते.”

एवढे स्पीकर पाहिले, पण आंधळ्या माणसाला हेच हवं असतं, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

दिवाळीला मुलगा आला. आल्या आल्या खोका पाहून म्हणाला, “अगं, हा किती घुमतोय! मी चांगला मागवला होता ना?” मी फराळाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं. भाऊबीज झाली, संध्याकाळी त्याने पुन्हा पुण्याचा विषय काढला, आणि नेमका पंखा थांबला. खोका गप्प झाला. मुलगा उठू लागला.

“बस खाली,” मी म्हटलं.

हे उठले, भिंतीला हात लावत बोर्डापर्यंत गेले, बटन बंद करून खाटेवर परतले. बऱ्याच वेळाने पंखा कुरकुरत फिरला. हे पुन्हा गेले. ठप्प. घुं. मुलाने तोंड उघडलं तसा यांनी हात वर केला.

“थांब बे. तिले उठाले जरा वेळ लागते.”

डबी आणि इंटरनेट जागं होईपर्यंत ते तसेच उभे राहिले, खोक्यावर हात ठेवून. मुलगा त्या हाताकडे बघत होता. मग यांनी टाइम विचारला, आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर आलं. गोळीला अजून अवकाश होता, तेही तिने सांगितलं.

“तुह्या पुन्याच्या गाडीचा टाइमही इचारू काय तिले?” हे मुलाला म्हणाले. “एकट्याच्या?”

मुलगा हसला, पण त्याचे डोळे भरले होते. मी हसले नाही. मी उठले आणि आवाजाची खुंटी आणखी थोडी वाढवली.