कोकिळेविरुद्ध तक्रार

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे आईला वाटतं, कॉलेजात गेलं की माणसाला कविता येतात. आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात एक रीत आहे. पाडव्याच्या कार्यक्रमात कॉलेजच्या मुलांनी मराठीत लिहिलेलं काहीतरी वाचायचं. आम्ही घरात मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो, त्यावर मोठ्यांनी काढलेला हा उपाय. बहुतेक मुलं त्या दिवशी आजारी पडतात. मीही पडणार होते, पण आईनं आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, "माझी पोट्टी वाचणार हाय. वसंतावर."

आई मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मागे स्वयंपाकघरात असते. इतक्या वर्षांत तिनं समोरचं काही पाहिलेलं नाही, फक्त टाळ्या ऐकल्या आहेत. यंदा तिनं मागच्या बायकांना स्पष्ट सांगितलं, "या वेळी मी खुर्चीवर बसणार." तेव्हापासून मला खरोखरच ताप आल्यासारखं वाटत होतं.

पहिल्या प्रयत्नात दोन ओळी झाल्या. वसंत आला, वसंत आला, सृष्टीला किती आनंद झाला. आईनं त्या नीट ऐकल्या.

"हे तर कॅलेंडरवर बी लिहून असते," ती म्हणाली. "तू सोता काही पाह्यलं का?"

मी काहीच पाहिलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन बुढा तालाबच्या काठावर गेले, बाकावर बसले आणि निसर्गाकडे टक लावून पाहू लागले. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र होतं. ते कॉलेजबाहेर काढून ठेवलं तरी चालतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

फिरायला आलेले एक काका माझ्यासमोर थांबले. ओळखपत्र पाहिलं, वही पाहिली.

"नगर निगम से हो बेटा? सर्वे चल रहा है?"

"नहीं अंकल, मैं तो..."

तोवर ते शेजारी बसलेसुद्धा. "लिखो. कोयल. सुबह चार बजे से चालू हो जाती है. उसका कोई टाइम होना चाहिए कि नहीं?"

मोठ्या माणसांना मध्येच तोडणं मला जमत नाही. मी लिहिलं : कोकिळा, पहाटे चार. मी लिहिते आहे हे पाहून आणखी लोक जमले. चहावाल्या दीदी म्हणाल्या, "सेमल का कपास उड़के चाय में गिरता है. ग्राहक पूछता है, मलाई डाली क्या?" सेमल म्हणजे आपली सावर. एका भैयाच्या नव्या स्कूटरवर शेजारच्या आंब्याचा मोहोर गळत होता आणि सीट इतकी चिकट झाली होती की उतरताना त्याला दोनदा प्रयत्न करावा लागे. टोपली घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "हव दीदी, मोरो घलो लिख ले," म्हणजे माझंही लिही. तिच्या मोहाच्या फुलांवर मधमाश्या बसत आणि गिऱ्हाईक पळून जाई.

"आगे भेज दूँगी," असं मी प्रत्येकाला सांगत होते. का, ते मलाच माहीत नाही. काकांनी तर खाली सहीपण केली.

घरी येऊन वही उघडली. तक्रारी चार पानं, कविता शून्य. मला रडूच आलं. पण पुन्हा वाचलं तेव्हा जरा वेगळं वाटलं. वसंत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, तरी तो कुणाच्या चहात पडला होता, कुणाच्या सीटवर, कुणाच्या झोपेत. मला बाकावर बसून जे दिसलं नाही ते ही माणसं रोज पाहत होती, वैतागून का होईना. मी त्यांच्या तक्रारींच्या ओळी केल्या. ही कविता आहे की नाही याची मला खात्री नव्हती. आजही नाही.

पाडव्याला पहिल्या रांगेत आई बसली होती, पाठ खुर्चीला न टेकता. मी वाचलं :

कोकिळेला वेळापत्रक द्या,
सावरीला झाकण लावा,
आणि आंब्याला सांगा,
मोहोर गाळण्याआधी खाली पाहावं.

एकही टाळी पडली नाही. आईनं इकडंतिकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, आता ही पुन्हा कधी पुढं बसणार नाही.

तेवढ्यात मागून एक आजोबा उठले. "अन् चिमण्यांचं काय? माह्या कुलरमधी घरटं केलं त्याईनं. आता कुलर कसा लावू मी? लिही ना हे!"

"काही लावू नका," एक काकू ओरडल्या. "पिल्लं उडू द्या आधी!"

"तवरीक मी काय उकडून मरू?"

"काहून मरता? गच्चीवर झोपा!"

मग कुणी आजोबांच्या बाजूनं, कुणी चिमण्यांच्या. माझ्या वयाची मुलंसुद्धा भांडू लागली आणि तीही मराठीत. सेक्रेटरी टेबल वाजवत राहिले. आई मात्र खुर्चीत पूर्ण मागं वळून, कोण काय म्हणतं ते मान उंचावून ऐकत होती.

स्वयंपाकघराच्या दारातून एका बाईनं हाक मारली, "अवं, या ना आता! पंगत बसाची हाय."

आईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"थांबा ना जराशा," ती म्हणाली. "चिमण्यांचं ठरू द्या पह्यले."