लाइन, जवस आणि अक्का

मागच्या आठवड्यात फोनवर तू मला दोन गोष्टी विचारल्यास. पहिली शाळेच्या कामासाठी: ‘लाइन’ या शब्दाचे अर्थ किती आणि तो आला कुठून? दुसरी जरा थांबून विचारलीस. आजी शेवटी शेवटी माझ्याशी बोलेनाशी का झाली, माझं काही चुकलं होतं का?

पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं. दुसऱ्याला म्हणाले, तिची तब्येत बरी नसायची. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. तुम्हा सगळ्याच नातवंडांनी वाचावं, पण आधी तू. मुद्दाम मराठीत लिहिते. तुझे बाबा वाचून दाखवतील आणि अडेल तिथे समजावतील.

तुझी आजी माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणायची. ती गावातल्या शाळेत चौथीपर्यंत शिकली होती. मी इंग्रजीत एम.ए. करून इथे धुळ्यात, देवपूरच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. तुझे आजोबा गेल्यावर ती गावचं घर बंद करून माझ्याकडे राहायला आली. सामान थोडंच होतं. दोन लुगडी, भाकरीचा तवा आणि जवसाने भरलेला पत्र्याचा डबा. धुळ्यात जवस मिळत नाही असं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. दर रविवारी सकाळी तुझा व्हिडिओ कॉल यायचा. तुझी आई दुसऱ्या भाषेची, त्यामुळे तुमच्या घरात इंग्रजीच. अक्काची भाषा अहिराणी. पहिले काही रविवार तुम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघून हसायचात. मग एका रविवारी कॉल चालू असतानाच वीज गेली. खानदेशात खेडोपाडी विजेला लाइन म्हणतात. अक्का पदराने वारा घेत फोनच्या स्क्रीनकडे वाकली आणि म्हणाली, “लाइन गॉन! फॅन गॉन! आजी गरम गरम!”

तू हसत हसत खुर्चीवरून खाली घसरलीस. पुढच्या रविवारी स्क्रीनवर आल्या आल्या ओरडलीस, “लाइन गॉन!” मग तो खेळच झाला. तुझा पुढचा दात पडला तेव्हा तू तोंड उघडून दाखवलंस, “टूथ गॉन!” अक्कानेही आपलं बोळकं उघडलं, “बठ्ठा दात गॉन!” बठ्ठा म्हणजे सगळे. किती वेळ तुम्ही दोघी तशाच तोंडं वासून बसल्या होतात.

मी शेजारी बसलेली असायची आणि मला ते सोसत नसे. माझ्या घरातून एका लहान मुलीच्या कानावर असं मोडकंतोडकं इंग्रजी जातंय, याची मला लाज वाटायची. मी अक्काला म्हणाले, “अक्का, तुम्ही नीट शिकून घ्या. मी शिकवते.”

ती किती खूश झाली! “शिकाड माले, मास्तरीनबाई. नातसंगे बोलनं शे माले.”

मी तिच्यासाठी चार रेघी वही आणली. पहिला शब्द तिच्याच आवडीचा घेतला, लाइन. एकाखाली एक अर्थ लिहून दिले: वहीतली रेघ, दुकानासमोरची रांग, आगगाडीचे रूळ, विजेची तार, फोन, कपडे वाळत घालायची दोरी, मासे धरायच्या गळाची दोरी, कवितेची ओळ, कपाळावरच्या आठ्या, माणसाचा धंदा, घराण्याचा वंश.

अक्काने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. “एकच शब्दले इतला कामे? इंग्रजेस्कडे शब्दस्ना दुकाय पडना व्हता का वं?”

मग मी तिला शब्दाचं मूळ सांगितलं. जवसाच्या झाडाच्या खोडापासून धागा काढतात, त्याचं कापड म्हणजे लिनन. त्या धाग्याला लॅटिनमध्ये जे नाव होतं त्यातून लाइन हा शब्द आला. ताणून धरलेला धागा सरळ असतो, म्हणून सरळ रेघेलाही तेच नाव. कोटाच्या आतल्या अस्तराला लाइनिंग म्हणतात तेही त्यातलंच.

ती उठली, डब्यातून मूठभर जवस आणून वहीवर ओतलं आणि बघत बसली. “म्हंजे जवस आमना आनि शब्द तुमना!” मग डोळे बारीक करून म्हणाली, “आनि पोरे लाइन मारतस, तीबी जवसनीच का?” मलाही हसू आवरलं नाही.

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी शिक्षिका. शिक्षिकेचं कसं असतं, पाठ दिला की तो म्हणून घ्यायचा. रविवारी तुझ्याशी काय बोलायचं ती वाक्यं शनिवारी वहीत लिहायची, मी लाल पेनाने तपासायची, आणि तिने उभं राहून म्हणून दाखवायची, असा नियम मी केला. तीन वाक्यं बिनचूक आली की रविवारी बोलायला मोकळी. एकाही विद्यार्थ्याने माझ्या नियमाविरुद्ध कधी तक्रार केली नव्हती. अक्कानेही केली नाही. सत्तरीची बाई माझ्या स्वयंपाकघरात हात जोडून उभी राहायची आणि म्हणायची, “हाऊ आर यू? व्हॉट डिड यू ईट?”

रविवारी तू ओरडायचीस, “लाइन गॉन!” अक्काच्या तोंडावर हसू यायचं, पण बोलायच्या आधी ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवून नाही म्हणायची. मग ती पाठ केलेलं वाक्य म्हणायची आणि मध्येच अडायची. मी कॅमेऱ्याबाहेरून पुढचा शब्द सांगायची. तुला ते कळत नसे. तू वाट बघायचीस, मग आपलं खेळणं घेऊन खेळायला लागायचीस.

दोन-तीन महिन्यांनी अक्काला रविवारी सकाळी कामं निघू लागली. “मेथी निवडनी शे. कपडा वाळत घालना शेतस.” “तूच बोल, मास्तरीनबाई. तुले बठ्ठं येस.” मी बोलायची. छान, शुद्ध इंग्रजीत. आणि ती मेथीची जुडी घेऊन दाराआड उभी राहायची. पडदा जरासा बाजूला केलेला असायचा. कॉल संपला की विचारायची, आज काय म्हणाली? मी सांगायची. “हासनी का?” हा तिचा शेवटचा प्रश्न ठरलेला. मी खोटंच हो म्हणायची, कारण माझ्याशी बोलताना तू हसत नव्हतीस.

हे मला दिसत होतं. दाराआडची तिची पावलंही दिसत होती. तरी एका शब्दानेही मी म्हटलं नाही की अक्का, ती वही टाका आणि इथे येऊन बसा, जसं येतं तसं बोला. मला वाटत होतं की ती आळस करते आहे. असं एक वर्ष गेलं. नंतर ती आजारी पडली आणि तेरा दिवसांत गेली.

तेव्हा, तुझं काही चुकलं नव्हतं. तिला तुझ्याशी बोलायचं होतं. आडवी मी आले.

अजून एक सांगायचं आहे. ती आजारी पडायच्या आधीच्या रविवारी तुझा कॉल आला, तेव्हा अक्का दाराआडून म्हणाली, माझा एवढा निरोप तिला सांग. आणि तिने तो सांगितला. मी तुला इंग्रजीत म्हणाले, तुझी आजी मजेत आहे आणि तुला आशीर्वाद पाठवते आहे. वाक्य बिनचूक होतं. तिने दिलेला निरोप तो नव्हता. तो तुझ्यापर्यंत कधीच पोचला नाही, म्हणून इथे तिच्याच शब्दांत लिहिते. बाबांना मोठ्याने म्हणायला सांग, आणि मग तूही म्हण. उच्चार कसाही आला तरी चालेल.

“तिले सांग, तुन्हं तोंड देखं का मन्हं पोट भरी जास.”