एक वीट जास्त

आमच्या घरमालकांच्या थोरल्या बहिणीला या जगात एकच गोष्ट नामंजूर होती, ती म्हणजे माणसाने आडवं होणं. रात्रीची झोप त्यांनी नाइलाजाने मान्य केली होती, तीही डाव्या कुशीवर. बाकी ताप असो, बाळंतपण असो नाहीतर रविवारची दुपार असो, कोणी पाठ टेकलेली दिसली की त्यांच्या गळ्यातली शिट्टी वाजलीच म्हणून समजा. हो, शिट्टी! मुलींच्या शाळेत जन्मभर ड्रिल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. शाळेने त्यांना निरोप दिला, त्यांनी शिट्टीला दिला नाही. सुती साडी, साडीखाली पांढरेफेक कॅनव्हासचे बूट, अंबाड्यात मोगऱ्याचा गजरा आणि गळ्यात काळ्या दोरीत ती शिट्टी. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, आम्हीही म्हणायला लागलो. ह्यांना अंबत्तूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सोलापूर सोडून मद्रासला आलो होतो, आणि वेस्ट मांबलममध्ये चक्क मराठी घरमालक मिळाले म्हणून मी केवढी हरखले होते. पण ते मराठी तंजावरचं. कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेल्या या घराण्याने महाराष्ट्र डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. अक्का बोलू लागल्या की कोणीतरी जुनी बखर तमिळ हेल काढून मोठ्याने वाचतंय असं वाटे. घरातली पोरं त्यांना तमिळमध्येच उत्तर देत, आणि भाऊ म्हणाल तर कुठल्याच भाषेत फारसा बोलत नसे. मराठी बोलायला बाईंना माणूसच नव्हतं. मग जे सापडतील त्यांना त्या आरोग्य शिकवायच्या.

नमस्कार-चमत्कार हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. सकाळी हे कंपनीची बस गाठायला धावत निघाले की खालच्या अंगणातून खणखणीत आवाज यायचा, "पोट साफ जालें काय?" समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात धरून उत्तराची वाट बघत थांबायचा. ह्यांनी कशीबशी मान हलवली तर, "मान काय डोलवतां? तोंडानें सांगा!" शेवटी हे मागच्या जिन्याने जायला लागले. दोन दिवसांत अक्का मागच्या जिन्याशी उभ्या. पोस्टमनला आधी जीभ दाखवावी लागे, मग टपाल त्याच्या हातून घेतलं जाई. जिभेवर पांढरा थर दिसला तर त्या बिचाऱ्याला तिथेच उभ्याने मिऱ्याचं रसम प्यावं लागे, आणि डोळ्यांतून पाणी काढत तो सायकलवर बसे. शनिवारी पुरुषांनी आणि शुक्रवारी बायकांनी डोक्यावरून तिळाचं तेल ओतून न्हायचं, हा त्या मुलखाचाच रिवाज. पण तेलाच्या न्हाणानंतर दिवसा झोपलं तर अंगात ताप भरतो, या कलमाची अंमलबजावणी अक्का स्वतः करत. एका शनिवारी ह्यांना असं काही रगडून न्हायला घातलं की बाहेर आले ते पेंगतच. अक्का आमच्या उंबऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. ह्यांचा डोळा लागला की शिट्टी! मी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत होते, तर आतपर्यंत आवाज आला, "तूं हंसूं नक्को. उद्यां तुझें एरंडेल आहे." कॉफी म्हणजे विष, असं त्या दिवसातून दहा जणांना सांगत, आणि पहाटे पितळी पेला-डबऱ्यातून वाफाळती फिल्टर कॉफी स्वतः पीत. मी एकदा धिटाईने विचारलंच. "ही कॉफी नव्हे. ही मीं आहे," त्या म्हणाल्या.

अशात आमच्या सासूबाई दिवाळीला सोलापूरहून आल्या आणि न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता हाडाचं काम आम्ही केलं, पायाचं तुम्ही करा, चालायला लागा. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपल्या त्या झोपल्याच. भीती बसली होती हो. एरवी सोलापूरच्या त्यांच्या गल्लीत भाजीवाले त्यांना टरकून असत, आणि इथे पाय जमिनीला लावायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी. तोंडाने मात्र एकच, "मला माझ्या घरी न्या बाई. माझ्या तुळशीपुढं मरू द्या." अहो, पण न्यायचं कसं? स्ट्रेचरवर घालून एवढा लांबचा प्रवास? हे आणि सोलापूरचे माझे दीर ट्रंककॉलवर बोलायचे आणि काहीच न ठरवता फोन ठेवायचे. पायावर उभ्या राहिल्या तर त्यांचं सोलापूर त्यांना मिळणार होतं. नाहीतर आमच्या त्या खोलीतली भिंत. मला रात्रंदिवस तेवढाच घोर लागला होता.

अक्का आल्या. कॉटपाशी उभ्या राहून त्यांनी शिट्टी फुंकली. "उठा."

"कोण ही बया?" सासूबाईंनी भिंतीलाच विचारलं.

मग काढे झाले, तेल चोळणं झालं, शिट्ट्या झाल्या. सासूबाई ढिम्म. दुसरी कुणी असती तर नाद सोडून दिला असता. अक्कांनी तीन-चार दिवस नुसतं बसून निरीक्षण केलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की जेवताना सासूबाईंचा हात उशाशी जातो. उशाशी सोलापूरहून आणलेल्या शेंगाचटणीचा डबा होता. अक्कांनी तो डबा उचलला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत नेऊन ठेवला. "पित्त होतें. ज्याला पाहिजे त्यानें जाऊन घ्यावें." मला सक्त ताकीद, की हात लावशील तर याद राख. सासूबाई दोन जेवणं चटणीशिवाय जेवल्या. सोलापूरच्या माणसाला हे म्हणजे उपासच. तिसऱ्या जेवणाला, अक्कांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, वॉकरला धरून, रडत, थरथरत त्या खिडकीपर्यंत गेल्या. डबा छातीशी धरून म्हणाल्या, "मेलीला सांगा, खाल्ली मी!" दुसऱ्या दिवशी डबा स्वयंपाकघरात होता. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या व्हरांड्यात. मग जिन्याच्या वळणावर. असं करत करत चटणीमागोमाग आमच्या सासूबाई गच्चीवर पोचल्या.

गच्चीवर अक्कांनी तांदळाच्या पिठाने रांगोळी काढली होती, पण कमळ-बिमळ काही नाही, भला मोठा इंग्रजी आठाचा आकडा. त्यावरून चालायचं. सरळ चालणाऱ्याचं मन भलतीकडे भटकतं, आठावरून चालणाऱ्याला भटकायला सवड मिळत नाही, असं त्यांचं शास्त्र. सासूबाई म्हणाल्या, "देवाला प्रदक्षिणा घालते मी. ह्या आकड्याला कशाला घालू?" पण घातल्या. रोज पहाटे ऊन चढायच्या आत गच्चीवर शिट्टी, "ओण्णु, रेण्डु, मूणु" अशी तमिळमधली मोजदाद, आणि जोडीला भांडण. सांबारात गूळ घालावा का, नऊवारीत चालणं सोपं की सहावारीत, तुमचं मराठी खरं की आमचं. महिनाभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं. एके दिवशी अक्कांना यायला उशीर झाला तर सासूबाई जिन्याशी काठी आपटत उभ्या, "मेली अजून आली नाही? बरं नाही की काय तिला?" आणि अक्का! इतकं मराठी त्यांना कुणी उलट बोललंच नव्हतं कधी. गच्चीवरून उतरताना त्यांचा चेहरा असा काही उजळलेला असे की पोस्टमनची जीभ पाहायची राहून जाई.

वॉकर सुटला, काठी आली, तिकीट काढायच्या गोष्टी सुरू झाल्या. आणि एका सकाळी अक्का छत्री घेऊन मांबलम स्टेशनवर गेल्या. गाडी आली, तशी त्यांनी छत्री दाराच्या पायरीला उभी लावली आणि कुठवर येते ते बोटाने धरून ठेवलं. गार्डने शिट्टी दिली तेव्हा, "फुंकण्यास छाती लागते," असं त्याला सुनावून त्या तशाच बोट धरून घरी आल्या, आणि गच्चीवर तेवढ्या उंचीची विटांची पायरी रचली. चालता आलं तरी गाडीत चढता यायला नको का? दुसऱ्या दिवसापासून आठ संपला की विटांवर चढणं-उतरणं. मी कपडे वाळत घालता घालता बघत होते. सासूबाई खाली गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, त्या चढायला लागल्या की जाणार हो."

"ठाऊक आहे मज."

"मग एवढी घाई कशाला करताय?"

अक्का पायातल्या बुटाची नाडी बांधत होत्या. बराच वेळ बांधत राहिल्या. "तिचे पाय तिला तिच्या घरीं नेण्यासाठीं आहेत. माझ्याशीं भांडण्यासाठीं नव्हेत," म्हणाल्या, आणि उठून पीठ झाडायला गेल्या. मी हातातला ओला टॉवेल, आधीच पिळलेला, पुन्हा पिळला.

सेंट्रल स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. हे सोबत जाणार होते. मुंबईची गाडी लागली, सासूबाई दारापाशी गेल्या आणि थबकल्या. पायरी उंच होती. मांबलमची गाडी लहान रुळांची आणि ही मोठ्या रुळांची, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अक्का तरी जन्मभर तंजावरच्याच गाडीत बसलेल्या. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे गाडी. ह्यांनी हमालाला खूण केली, दोघे उचलायला पुढे झाले. सासूबाईंचा चेहरा पुन्हा त्या भिंतीकडे वळल्यासारखा झाला. अक्का पायरीकडे बघत राहिल्या, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांचे खांदे पडले. "माझें चुकलें," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "काय चुकलं? एक वीट जास्त, एवढंच ना? बाजूला व्हा रे तुम्ही दोघं. शिट्टी वाजव गं."

अक्कांनी शिट्टी तोंडाला लावली. वाजेना. ओठ नीट मिटेनात. ज्या बाईने गल्ली हलवून सोडली होती, तिच्या शिट्टीतून नुसती हवा निघत होती. "राहू दे," सासूबाई म्हणाल्या, आणि दांडा धरून स्वतःच मोठ्याने मोजू लागल्या, "ओण्णु... रेण्डु..." पहिल्यांदा पाय पोचला नाही. लटलट कापत पुन्हा खाली आला. मी डोळे मिटून घेतले. "मूणु!" ऐकू आलं आणि डोळे उघडले तर आमच्या सासूबाई दारात उभ्या होत्या, घामाघूम, पदर सुटलेला, पण आपल्या पायांवर. तिथून त्यांनी खाली बोट रोखलं. "आता तू ये सोलापूरला. पायरी उंच आहे, सवय करून ये. चटणी कुटून ठेवते."

"येतें," अक्का म्हणाल्या.

गेल्या नाहीत. तेही सांगूनच टाकते. आधी भावाचं दुखणं निघालं, मग त्यांचे स्वतःचे गुडघे, मग आमचीच बदली झाली. सासूबाई पुढे बरीच वर्षं आपल्या तुळशीला स्वतः पाणी घालत होत्या, आणि घरी कोणी लोळलेलं दिसलं की "अक्काला बोलावू का?" म्हणून दटावत होत्या.

पण मला अक्का आठवतात त्या सेंट्रलहून परतल्याच्या दुसऱ्या सकाळच्या. गच्चीवर शिट्टी ऐकू आली नाही म्हणून मी धास्तावून वर गेले. पिठाचा आठ काढलेला होता. अक्का पदर खोचून विटांपाशी वाकल्या होत्या, आणि पायरीवर त्यांनी एक वीट जास्त रचली होती. मला पाहून त्या सरळ झाल्या. डोळे सुजलेले, पण आवाज तोच खणखणीत.

"मुंबईची गाडी उंच असते. मज सवय नाहीं," त्या म्हणाल्या. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. "तूं वाजव. मीं चढतें."

मी छाती भरून फुंकली.