अप्पांची निळी नखं

अप्पा, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवतात. त्यांची नखं मी जन्मल्यापासून निळीच. रिमोट, चहाचा कप, माझं प्रगतिपुस्तक, सगळ्यांवर त्यांचे निळे ठसे. शाळेत टीचरनी विचारलं की मी शाई सांडली म्हणायचे.

गेल्या वर्षी पाय मोडून ते दीड महिना प्लास्टरमध्ये घरी होते. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात त्यांना बसल्या जागी धाप लागली. "बसून बसून अंग जड झालंय," आई म्हणाली. नखं निळी होती, पण ती होतीच. मला मात्र रिमोट दिसला. स्वच्छ. इतक्या दिवसांत एकही ठसा नाही, मग नखांवर रंग कुठून आला?

मी मुळातच अबोल; हे आईला सांगायला मला अख्खी दुपार लागली.

दवाखान्यात सिस्टरने बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा कमी आला.

"रंगारी आहेत ना, नखांवरच्या रंगाने चुकला असेल," आई म्हणाली.

सिस्टरने स्पिरिटने नख घासलं. काही निघेना.

"लई पक्का रंग हाय आमचा," अप्पा धापा टाकत म्हणाले.

मी डॉक्टरांपुढे मोबाइल धरला. त्यावर टाइप केलं होतं: हे दीड महिना कामावर गेलेले नाहीत. ओठही निळे आहेत.

"तोंडाने सांगा की!" म्हणत डॉक्टरांनी अप्पांना जीभ काढायला लावली. तीही निळसर. मग सगळ्यांचीच पळापळ झाली.

ऑक्सिजन लावून सीटी स्कॅनला नेलं. "शिरेतून डाय सोडतो, म्हणजे फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या दिसतील," टेक्निशियन म्हणाला.

अप्पांनी मास्क बाजूला केला. "कुठला शेड?"

"त्याला रंग नसतो, काका."

"मग डाय कसला?"

नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. डाय पोचलेल्या वाहिन्या पांढऱ्या, एक फांदी मध्येच काळी. पायात झालेली रक्ताची गुठळी तिथे जाऊन अडकली होती. आई रडायला लागली. अप्पा मात्र निरखून बघत होते.

"सुताची लडी घट्ट बांधली की आत रंग जात न्हाय. तसंच की हे."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

रक्त पातळ करायच्या औषधांनी ते सावरले, कामावर गेले, नखं पुन्हा निळी झाली. आता नखांवर भरवसा नाही म्हणून आई रोज संध्याकाळी त्यांची जीभ बघते. परवा ती गडद जांभळी निघाली. आई रिक्षा आणायला धावली. अप्पांना बोलता येईना, कारण तोंडात बी होती. त्यांच्या खिशात कागदाची पुडी दिसली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जिन्यातून ओरडले,

"आई, थांब! जांभळं खाल्लीत!"

चार बिऱ्हाडांची दारं उघडली.