नाव घरी आणणारी बाई

तुमच्या नावाच्या जागी कुणी चार प्रश्नचिन्हं छापली, तर तुम्ही चालवून घ्याल का?

नरडाण्याच्या आमच्या कामगार संघटनेत एक बाई दर रविवारी धुळ्याहून येतात आणि संगणकाचं काम करून देतात. डेटाबेसला जोडणी करताना शेजारणीला हाक मारावी तसं अहिराणीत पुटपुटतात, "घरमा शे का?" म्हणजे, घरात आहेस का? जोडणी झाली की स्वतःच मान हलवतात, "शे," म्हणजे आहे.

मागच्या रविवारी जोडणी झाली, पण कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या कामगारांची मराठी नावं पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं होऊन उतरली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या छातीची तपासणी होती. त्यासाठी बाई छापून देणार होत्या त्या कार्डावर नाव नसेल, तर दवाखाना त्यांना परत पाठवणार होता.

आमचे सचिव नाना म्हणाले, "इंग्रजीत टाका ना ताई, कोण बघतंय?"

"टाकते. मग सांगा, कार्डावरचा तो बाळू की बालू? इंग्रजीत दोघं एकच."



बाईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. डेटाबेसमध्ये नावं शाबूत होती, जोडणी करताना मराठी अक्षरांचा पर्याय तेवढा निवडायचा राहिला होता. त्यांनी तो निवडला, पुन्हा जोडणी केली. काळे, माळी, पावरा, तडवी... एकेक नाव पडद्यावर आलं.

"नाना, बठ्ठा घरमा शेतस." सगळे घरात आहेत.

त्यांचा हा हट्ट मला आमच्या सगळ्या घोषणांहून मोठा वाटतो.

तुमचंही नाव कुठल्या कचेरीत मोडून छापलं असेल, तर उद्याच तिथं जा, आणि ते नीट होईपर्यंत खुर्ची सोडू नका.