प्रयोगशाळेच्या दारात

मुरबाडच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं की विज्ञानाच्या तासाला मुलींना मागे बसवू नका, उपकरणं आधी त्यांच्या हातात द्या. सांगणारे साहेब फार गोड बोलत. जेवणाची वेळ झाली की हेच साहेब म्हणत, "बाईलोकांनी जरा वाढायला घ्या." आम्ही मुकाट्याने वाढायचो आणि मास्तर मंडळी समानतेवर चर्चा करत जेवायची. निघताना साहेब म्हणाले, "शाळेत काही अडलं तर कळवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." मला ते खरं वाटलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, खर्डीजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारी मी एकटीच बाई. प्रयोगशाळेत सरस्वतीचा फोटो होता आणि हेडमास्तरांचा नियम असा की पाळी चालू असलेल्या मुलीने तिथे पाऊल टाकायचं नाही. रोज कोण कोणाला विचारत बसणार, म्हणून सगळ्याच मुली कायमच्या बाहेर. मुलगे आत परीक्षानळ्या फोडत आणि मुली वर्गात बसून त्याच नळ्यांच्या आकृत्या काढत. आकृत्या इतक्या सुरेख की हेडमास्तर पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

दहावीत डोंगरावरच्या पाड्यातली एक मुलगी होती. शहापूरच्या सरकारी दवाखान्यात तिने एका बाईला सूक्ष्मदर्शकातून रक्त तपासताना पाहिलं होतं. तिला तेच काम करायचं होतं, दुसरं काही नाही. त्यासाठी दहावीला विज्ञानात चांगले मार्क हवेत, पुढेही विज्ञानच घ्यायला हवं, हे तिने स्वतःच विचारून घेतलं होतं. "बाई, आमाला कदी बघाया मिळंल त्यातून?" असं ती मला अधूनमधून विचारायची.

प्रशिक्षणाहून आल्यावर मी तो फोटो उतरवला आणि मानाने हेडमास्तरांच्या ऑफिसात नेऊन लावला. त्या तासाला मुली पहिल्यांदा आत आल्या. त्या मुलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, खाली कांद्याचा पापुद्रा होता, आणि ती उठेचना. मागच्या मुलींनी तिला अक्षरशः ओढून बाजूला केलं. इतकं सुख मला शिकवताना फार वेळा मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मस्टरवर सही करायला ऑफिसात गेले, तर हेडमास्तर सगळ्या स्टाफसमोर म्हणाले, "थांबा बाई. आता इथे देवी आहे. तुम्हाला आज चालतं ना?" कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "नाही चालत, सर. आहे आज. पण सही मी आत येऊनच करणार." आणि केली. बाहेर व्हरांड्यात मुली झाडत होत्या. ती मुलगी त्यांच्यात होती.

हेडमास्तरांनी फोटो परत प्रयोगशाळेत टांगला. पुढच्या तासाला ते स्वतः दारात उभे राहिले, मुलामुलींची रांग लावली आणि पहिल्याच मुलीला विचारलं, "तुला चालतं का गं?" पहिली तीच होती. अगदी माझ्यासारखी मान वर करून तिने सांगितलं, "नाय चालत, सर. आज हाय. पन मी आत जानार." मागून पोरं फिदीफिदी हसली. हेडमास्तरही हसले आणि बाजूला झाले. त्यांना अडवायचं नव्हतंच.

मी साहेबांना कळवलं. ते आले, हेडमास्तरांकडे चहा प्याले आणि जाताना मला गेटपाशी म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे. पण लोकांच्या भावना असतात, जरा सबुरीने घ्या. आणि तुमचा अनुभव पुढच्या प्रशिक्षणात नक्की सांगा हं." त्या माणसाची पाठीशी उभं राहण्याची ही तऱ्हा.

ती मुलगी शाळेत यायची बंद झाली. मी पाड्यावर गेले. तिची आई अंगणात होती. तिने मला पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. "आमी असल्या दिवसांत बी आवणीला जातो, चिखलात भात लावतो, बाई," ती म्हणाली. "आमाला कोन इचारत नाय. तुमच्या शाळंतच इचारतात."

मुलगी दाराशी आली. मी म्हटलं, "परीक्षा जवळ आलीये गो. चल. मी आहे ना तुझ्याबरोबर. तू काही चुकीचं बोलली नाहीस."

"तुमी खर्डीला गाडीतून उतरता न् खर्डीलाच गाडीत चढता, बाई," ती म्हणाली. "मना रोज या वाटंनं यावं लागतं. ती पोरं रोज मागं येतात न् तेच इचारतात. झाडीत गाठून इचारतात. तुमी हितं नसता."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. आईने तिला आत घेतलं आणि दार लोटून घेतलं.